कोरे तीस फॉर्म

कंबरदुखीवर स्वस्त गोळी चांगली की महाग, हे पाहायचं होतं. दिवाळीनंतरच्या तपासणीला महागडी गोळी घेणारे झाडून सगळे हजर. स्वस्तवाल्या चाळिसांतले तीस गायब.

"कोरे फॉर्म काढून टाक. आलेल्या दहांना गुण नाही, म्हणजे गोळी बेकार. बंद करू," मोठे डॉक्टर म्हणाले.

फॉर्म भरणाऱ्या आकांक्षाचं डोकंच फिरलं. बस धरून तिनं थेट त्या तिसांची राजूरजवळची वस्ती गाठली, तर घरोघरी कुलूप. ओट्यावर, तपासणीला आलेल्या दहांतल्या गोपिकाबाई तेवढ्या कंबर धरून बसलेल्या.

"तपासणीला का नाही आले हो हे लोक?" आकांक्षा वैतागली.



"ज्यायची कंबर बरी झाली, ते गेले ना बाई ऊस तोडायला. मंग तुमच्याकडं यायला आमीच राह्यलो, गुण न आलेले."