अठराचा आकडा

बुडुक! हीटरशेजारच्या काचेच्या बुधल्यात नऊ दिवसांनी बुडबुडा फुटला आणि भाजी चिरणारी वृंदा सुरी टाकून धावली.

थंड बेसमेंटमध्ये तिच्या पहिल्यावहिल्या कडक बिअरचं आंबणं थांबून साखर मापकावर तीसला अडून बसली होती. आकडा अठरावर उतरला नाही, तर वीस लिटर मोरीत ओतायची होती. "अगं, पाक झालाय त्याचा, गुलाबजाम सोड!" नवऱ्याने चिडवलं होतं. तरी काल हट्टाने तिने बुधला वर आणला, हलकेच हलवला आणि लेकीच्या दुपट्यात गुंडाळला.

मग आठवडाभर बुडबुडे थांबेचनात. ते शांत झाल्यावर तिने नळीत थोडी बिअर घेऊन काचेचा मापक सोडला. डुलत डुलत तो अठरावर स्थिरावला.

वृंदाच्या अंगावर काटा आला. डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव, स्वतःच केलेल्या दारूत गुदमरत, शेवटपर्यंत राबले होते.

"खाल्ली गं हवी तेवढी साखर!" ती पुटपुटली.

"कोणी?" चार वर्षांच्या लेकीने विचारलं.

"यीस्टच्या इवल्या जिवांनी. दमून झोपलेत बघ तळाशी."

लेकीने काचेला गाल लावून तो पांढरा थर न्याहाळला.

"आई, उद्या उठतील ना?"