जास्त चमकणारी

चार पॅराथायरॉईड ग्रंथींपैकी आईचं कॅल्शियम वाढवणारी नेमकी कुठली, हे ऑपरेशनआधी कळावं म्हणून तिच्या मानेचा स्कॅन केला होता. ऑपरेशनच्या धसक्यानं आई आठवडाभर गप्पच होती.

विज्ञानात मला पंच्याण्णव. शाहूपुरीतल्या डॉक्टरांनी स्कॅन समोर धरला आणि त्यांच्याआधी मीच बोट ठेवलं. "ही बघा, सगळ्यात चमकतीय ती."

"ती थायरॉईडची जुनी गाठ," डॉक्टर म्हणाले. "ती नुसतीच चमकते आणि फसवते. काढायची आहे ती तिच्यामागं लपलेली, बारकी."

आई हळूच म्हणाली, "आमच्या घरात बी अशी एक हाय की, डॉक्टर. कामाला न्हाय, चमकायला तेवढी पुढं."

आणि आठवड्यात पहिल्यांदाच हसली.

मग मीही ठरवून टाकलं, ऑपरेशन होईस्तोवर रोज चमकायचं.