बारावं अक्षर

भावाच्या मृतदेहाशेजारी उभं राहून इरावतीने निरोपाच्या कवितेची पहिली ओळ म्हटली आणि ती थांबली.

मंगळावरच्या त्या वस्तीत सेरवी भाषेतली जुनी कविता अशीच म्हणत. प्रत्येक ओळीतली अकरा अक्षरं म्हणणाऱ्याची. बारावं अक्षर म्हणजे ऐकणाऱ्यांनी एकदम घेतलेला श्वास. तो कानावर आल्याशिवाय पुढची ओळ उचलायची नाही.

पण रक्तातच प्राणवायू तयार करणारं यंत्र बसवून घेतल्यापासून लोकांची छाती हलायची ती बोलण्यापुरती. यंत्र नको म्हणणारी ही दोन हट्टी भावंडंच काय ती उरली होती. वीस वर्षं भार्गव म्हणायचा तेव्हा इरावती श्वास घ्यायची, आणि ती म्हणायची तेव्हा तो.

"आत्या, पुढचं आठवत नाही का?" भार्गवच्या मुलीने, मृण्मयीने हळूच विचारलं. "पडद्यावर लावू?"

मृण्मयीचे डोळे वाहत होते, पण तिला हुंदकासुद्धा फुटत नव्हता.

इरावतीने नकारार्थी मान हलवली. ती वाट बघत राहिली. मग सवयीने तिची नजर भावाच्या छातीकडे गेली.

ती हलत नव्हती. समोर बसलेल्या दोनशे जणांचीही नाही.