अर्धी ओळ

"आजोबा, तुम्ही राहता कुठे?" स्मरणशक्तीचे व्यायाम घेणाऱ्या मॅडमनी पुन्हा विचारलं. आजोबांची बोटं गुडघ्यावर नुसता ठेका धरत राहिली. शेजारी त्यांच्या पत्नी द्वारकाबाई बसल्या होत्या. गेल्या आठवड्यात नवरा वाट चुकून पार बाजारतळावर सापडला होता. आजही पत्ता सांगता आला नाही, तर मुलगा त्यांना घरात ठेवून बाहेरून दाराला कुलूप लावणार होता.

"मॅडम, त्यांना असं विचारू नका," त्या न राहवून म्हणाल्या. "जन्मभर कीर्तनात टाळकरी म्हणून उभे राहिलेत. बुवांनी अर्धी ओळ सोडली की यांनी पुढची उचलायची. स्वतःहून सुरुवात कधी केलीच नाही हो." आणि त्यांनी अभंगाच्या चालीवर हळूच धरलं, "आमुचे हो घर..."

"कासार आळीत, राममंदिरामागे," आजोबांनी खणखणीत आवाजात उचललं.

मॅडम हसल्या, मग थबकल्या. "छानच. पण रस्त्यात चुकले, तर ही अर्धी ओळ म्हणणार कोण?"

द्वारकाबाई तिथून थेट घरी गेल्याच नाहीत. आजोबांचा हात धरून आधी फुलवाल्याकडे, मग पिठाच्या गिरणीत, मग रिक्षाथांब्यावर. "हे एकटे भांबावलेले दिसले, तर एवढंच म्हणा," असं सांगत प्रत्येकाला चाल शिकवली.

"काकू, मी कुठला गाणार?" रिक्षावाला लाजला. "माझा सूर म्हणजे..."

"म्हणा बिनधास्त. बेसूर बुवाही पुष्कळ सांभाळलेत त्यांनी."