रेघ

“पुन्हा उणे चार?” अख्तरबानूंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

सरुबाई पाटीकडे बघत राहिल्या. गणित होतं −५ + ३ × २. जे आधी सोडवायचं त्याच्याखाली रेघ मारायची, ही अख्तरबानूंची शाळेपासूनची शिस्त. सरुबाईंनी आजही −५ + ३ च्या खाली रेघ ओढली होती. चांगली ठळक.

वारज्यातलं सरुबाईंचं शेत बिल्डरला गेलं. त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीत, सातव्या मजल्यावर, आता त्या एकट्या राहत. म्हातारपणी बाहेरून दहावीला बसायचं त्यांच्या मनाने घेतलं आणि त्यांनी समोरच्या दाराची बेल वाजवली. तिथे अख्तरबानू राहत. गणिताच्या निवृत्त शिक्षिका, त्याही एकट्याच. त्या संध्याकाळपासून चहाला दुसरा कप निघू लागला.

बाकी सगळं सरुबाईंना भराभर आलं. उणे गुणिले उणे अधिक, हे तर एकदा सांगितल्यावरच. गाडी अडली होती ती या एकाच ठिकाणी.

“माझंच शिकवणं कमी पडतंय,” अख्तरबानू म्हणाल्या. “उगाच तुमचं नुकसान नको. सोमवारपासून कर्वे रोडच्या क्लासला जा. मी बोलून ठेवते.”

“रोज संध्याकाळी?”

“रोज.”

“बरं,” सरुबाई म्हणाल्या. त्यांचा चहा तसाच राहिला होता.

“जायच्या आधी एकदा नीट बघून घ्या.” अख्तरबानूंनी पाटी पुसून −८ + २ × ३ लिहिलं. सोमवारी पातेल्यात पाणी किती टाकायचं, हेच त्यांच्या डोक्यात घोळत होतं. एका कपाचा अंदाज मोडला होता. हात आपला आपण चालला आणि −८ + २ च्या खाली रेघ मारून गेला.

“अवो बाई, आधी गुनाकार न्हाई का! उने दोन येत्यात!”

बोलून गेल्यावर सरुबाईंनी जीभ चावली. खडू उचलून बघू लागल्या, जणू त्यावर काही लिहिलेलं होतं.

अख्तरबानूंनी रेघेकडे पाहिलं. मग सरुबाईंकडे. मग बोटाने ती रेघ सावकाश पुसली, आणि गार झालेला कप गरम करायला उचलला.

“क्लासचं राहू द्या,” स्वयंपाकघरातून त्या म्हणाल्या. “आपले कंस अजून राहिलेत. फार अवघड असतात हो ते. वर्ष तरी जाईल.”