समुद्र कसा आहे?

दीपगृहाच्या रखवालदाराने समुद्र बरा असल्याचे कळवल्याखेरीज पलीकडच्या किनाऱ्यावरून बेटाकडे बोट सुटत नसे. आज दिवस भरण्याआधीच त्याच्याच बायकोला कळा सुरू झाल्या होत्या, आणि सासर-माहेर दोन्ही पाण्यापलीकडे राहिले होते.

"समुद्र कसा आहे तेवढं सांगा," वायरलेसवरून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी बोटीपाशीच उभी आहे. तुम्ही हो म्हणालात की निघालेच."

त्याने खिडकीबाहेर पाहिले. लाटा धक्क्यावर चढून पलीकडे कोसळत होत्या. ओठांपर्यंत आलेला होकार त्याने गिळला.

"खवळलाय, बाई. कुणी वाचायचं नाही. बोट सोडू नका."

मग तोंडावर उसने हसू आणून तो शेजारच्या खोलीत शिरला. "निघाल्या बरं का डॉक्टरीणबाई! तू फक्त धीर धर, पोचतीलच इतक्यात."

घामाने निथळणाऱ्या बायकोने त्याचे मनगट घट्ट धरले. पुढची कळ ओसरेपर्यंत तिला बोलवेना.

 

"भिंतीपलीकडून सगळं ऐकलंय मी. त्यांच्याशी खोटं बोलवलं नाही तुमच्याच्यानं, ते माझ्याशी कसं जमेल? बोट थांबवलीत ते बरं केलंत. जा, आता पाणी तापवा."