नळाची समजूत

बाळंतीण लेक ओवी न्हाणीघरात पाटावर बसली होती. अंगाला तेल चोळून झालं होतं आणि नळ दोन तांबे गरम पाणी देऊन थांबला होता. हेमांगीबाईंनी त्याला पुन्हा तळवा दाखवला; तळवा ओळखून तो ज्याला त्याला मोजून पाणी देई.

"आपली आजची गरज पूर्ण झाली आहे," नळ नम्रपणे म्हणाला.

"अरे, माझं साठलेलं दे ना! ओवीला दिवस गेल्याचं कळल्यापासून ओल्या फडक्याने अंग पुसतेय मी."

"पाणी साठत नाही. आपल्या सवयीवरून आपली गरज ठरते."

हेमांगीबाईंनी रिकामा तांब्या खाली ठेवला. ओवीचा तळवा सासरच्या नळाच्या ओळखीचा. इथे तिला थेंबही मिळणार नव्हता.

"राहू दे गं आई, मीही पुसूनच घेते," ओवी कुडकुडत म्हणाली.

तेवढ्यात दाराआडून हेमांगीबाईंच्या नवऱ्याचा, गिरीशरावांचा हात आत आला. नळ सोडून ठेवून दाढी करणारा, गाणी म्हणत बादल्या उपसणारा आणि त्यापायी जन्मभर बायकोची बोलणी खाल्लेला हात. नळाने तो लगेच ओळखला आणि वाफाळती धार सोडली.

हेमांगीबाई लेकीच्या पाठीवर तांब्यामागून तांब्या ओतू लागल्या.

"उद्यापासून मीही जपून वापरतो बरं का," बाहेरून आवाज आला.

"खबरदार!" त्या ओरडल्या. "सव्वा महिना रोज गायचं. सगळी कडवी!"

आणि मोरीकडे वाहत चाललेलं पाणी फरशी पुसायला म्हणून त्यांनी सवयीने तसराळ्यात धरलं.